फाइंडर घ्यावा तो आकाश बघून

आठ इंची डॉब्सोनियन दुर्बिणीचं नाभीय अंतर सहसा १२०० मिलिमीटर असतं. तिला सोबत मिळणारा २५ मिलिमीटरचा आयपीस लावला की ४८ पट मोठं दिसतं आणि एका वेळी आकाशाचा जेमतेम एक अंश रुंदीचा तुकडा नजरेत येतो. पौर्णिमेचे दोन चंद्र शेजारी शेजारी मावतील, एवढाच. असे २६,००० हून जास्त तुकडे जोडावेत तेव्हा क्षितिजावरचं अर्धं आकाश पुरं होतं. चंद्र, गुरू, शनी नळीच्या रोखाने डोळा लावूनही सापडतात. पण देवयानीतली दीर्घिका, शौरीतला एम १३ हा तारकागुच्छ किंवा नेपच्यून बघायचा असेल, तर नळी कुठे रोखायची हे दुर्बीण स्वतः सांगत नाही. ते सांगण्यासाठी फाइंडर, नकाशा, कोनमापक, मोटर आणि आता फोनचा कॅमेरा अशी साधनं आहेत. दुर्बीण घेणारे मात्र सगळा विचार आरशाच्या व्यासावर खर्च करतात आणि शोधायचं साधन म्हणून खोक्यात जे आलं असेल ते मुकाट्याने वापरतात. हौस मावळते ती बहुधा इथेच. माझं म्हणणं असं आहे की हे साधन जिथून बघायचं तिथल्या आकाशावरून निवडावं. आणि ते आकाश वसईचं असेल, तर पुस्तकांतून मिळणारा नेहमीचा सल्ला जवळजवळ उलटा करून घ्यावा लागतो.

नेहमीचा सल्ला असा: नवशिक्याने मोठं करून दाखवणारा फाइंडर बाजूला ठेवावा आणि रेड डॉट किंवा टेलरॅड लावावा. रेड डॉट म्हणजे एक छोटी काच, तिच्यावर एलईडीचा लाल ठिपका. डोळा थोडा हलला तरी ठिपका आकाशात त्याच जागी दिसतो, आणि तो जिथे दिसतो तिथे दुर्बीण रोखलेली असते. अमेरिकेतले हौशी निरीक्षक स्टीव्ह कुफेल्ड यांनी बनवलेल्या टेलरॅडमध्ये ठिपक्याऐवजी अर्धा, दोन आणि चार अंशांची तीन लाल वर्तुळं दिसतात. दोन्हींत काहीही मोठं होत नाही. दोन्ही डोळे उघडे ठेवून बघायचं, नकाशावर तशीच वर्तुळं काढलेली असली की ताऱ्यांच्या आकृतीत वर्तुळ नेमकं बसवायचं, खाली आयपीसमध्ये वस्तू हजर. हे अतिशय सुंदर साधन आहे आणि काळोख्या आकाशाखाली त्याला तोड नाही. पण ज्यांनी हा सल्ला लिहिला त्यांच्या डोक्यावर सहाव्या प्रतीपर्यंतचे तारे होते (प्रत म्हणजे तेजाचा आकडा, तो जितका मोठा तितका तारा मंद), ही गोष्ट सल्ल्याबरोबर आपल्यापर्यंत पोचलेली नाही.

वसईचं आकाश कसं आहे? २००९ साली महानगरपालिका झालेल्या वसई-विरारची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेतच १२ लाखांवर होती. पूर्वेला वसई रोड आणि नालासोपाऱ्याचा उजेड, उत्तरेला विरारचा, दक्षिणेला खाडीपलीकडे मीरा-भाईंदर आणि त्यामागे सबंध मुंबईचा. काळोख उरलाय तो पश्चिमेला, समुद्रावर. राजोडी, कळंब किंवा अर्नाळ्याच्या किनाऱ्यावरून पश्चिमेचं आकाश बघितलं की फरक लगेच कळतो. त्यातही दमट हवेमुळे उजेड पसरतो. चंद्र नसलेल्या स्वच्छ रात्री नुसत्या डोळ्यांनी चौथ्या प्रतीचे तारे दिसले तर ती इथली चांगली रात्र म्हणायची. याच पालघर जिल्ह्यात जव्हार-मोखाड्याकडे गेलं की गोष्ट बदलते, तिथे सहाव्या प्रतीच्या जवळ जाता येतं.

दोन प्रतींचा हा फरक ऐकायला किरकोळ वाटतो, हिशेबात तो प्रचंड आहे. सगळ्या खगोलात चौथ्या प्रतीपर्यंतचे तारे सुमारे ५०० आणि सहाव्या प्रतीपर्यंतचे सुमारे ५,०००. खगोल साधारण ४१,२५० चौरस अंशांचा. म्हणजे वसईत सरासरी ८० चौरस अंशांमागे एक तारा दिसणार, तर मोखाड्यात दर आठ चौरस अंशांत एक. आता टेलरॅडचं सर्वांत मोठं, चार अंशांचं वर्तुळ घ्या. त्याचं क्षेत्रफळ साडेबारा चौरस अंश. काळोख्या आकाशात ते कुठेही रोखलं तरी आत सरासरी एक-दीड तारा असतो, त्यामुळे वर्तुळ बसवायला आधार मिळतो. वसईत सहा-सात वेळा रोखावं तेव्हा एखाद्या वेळी आत तारा सापडावा. बाकीच्या वेळी लाल वर्तुळं पिवळट, रिकाम्या आकाशावर तरंगत राहतात. वर्तुळं निर्दोष आहेत, त्यांच्या आत बसवायला इथे काही नाही. स्वस्त रेड डॉटमध्ये आणखी एक वैगुण्य पुष्कळदा आढळतं: ठिपक्याचा उजेड अगदी कमी केला तरी तो एवढा प्रखर राहतो की आधीच मंद दिसणारा तारा त्याच्यामागे झाकला जातो.

यावर उपाय ५० मिलिमीटरच्या फाइंडरचा. काळोखात डोळ्याची बाहुली फार तर सात मिलिमीटर उघडते. ५० मिलिमीटरचं भिंग तिच्या पन्नासपट प्रकाश गोळा करतं, म्हणजे चार प्रतींहून थोडा जास्त फायदा. चौथ्या प्रतीवर अडलेला डोळा एकदम आठव्या प्रतीपर्यंत जातो, आणि तिथवर खगोलात सुमारे ४०,००० तारे आहेत. ९ × ५० फाइंडरमधून पाचेक अंशांचं वर्तुळ दिसतं, त्यात सरासरी वीस तारे येतात. वसईच्या छपराखाली लपलेलं मोखाड्याचं आकाश, किंबहुना त्याहून दाट, या छोट्या नळीत परत मिळतं. ३० मिलिमीटरचा फाइंडर तीन प्रतींचा फायदा देतो. वाईट नाही, पण इथे तो प्रत्येक रात्री कुठेतरी कमी पडतो. आणि सत्तर-ऐंशी मिलिमीटरच्या स्वस्त दुर्बिणींबरोबर येणारा प्लास्टिकचा ५ × २४ फाइंडर तर मोजूच नये. त्याच्या भिंगामागे पुष्कळदा एक चकती बसवलेली असते आणि ती बराचसा प्रकाश आतच अडवते.

देवयानीतली दीर्घिका, एम ३१, घेऊन बघू. दिवाळीनंतरच्या रात्रींत ती वसईतून उत्तरेला ६८ अंशांपर्यंत चढते. नेहमीची वाट अशी: देवयानीतला बीटा तारा, दुसऱ्या प्रतीचा, इथूनही सहज दिसतो. तिथून चार अंशांवर म्यू, त्याची प्रत ३.९. पुढे तीन अंशांवर न्यू, प्रत ४.५. न्यूपासून सव्वा-दीड अंशावर दीर्घिका. पुस्तकात ही तीन पावलं डोळ्यांनी चालायची आहेत. वसईत म्यू असून नसल्यासारखा आणि न्यू नाहीच. रेड डॉटवाला बीटावर उभा राहून अंधारात अंदाजाने नळी सरकवतो, एका अंशाच्या खिडकीतून चाचपडतो आणि अर्ध्या तासाने चंद्राकडे वळतो. पाच अंशांच्या फाइंडरमध्ये बीटा कडेला ठेवला की म्यू दुसऱ्या कडेला येतो, म्यू पहिल्या कडेकडे नेला की न्यू दिसतो, आणि न्यू मध्यावर आणताच शेजारी पुसट, लांबट डाग उभा राहतो. तीन सरकावण्या, आणि प्रत्येक वेळी डोळ्यासमोर खूण. पुष्य नक्षत्रातला एम ४४ हा गुच्छ तर दीड अंश पसरलेला. तो मुख्य दुर्बिणीत मावतच नाही, फाइंडरमध्येच पूर्ण दिसतो. कृत्तिकांचंही तेच.

मग रेड डॉट टाकून द्यायचा का? मुळीच नाही. पाच अंशांच्या नळीतून पहिला तारा कोणता हे ओळखणं अवघड जातं, कारण तिच्यात सगळेच तारे तेजस्वी दिसतात. पहिल्या ताऱ्यावर नळी नेण्यापुरता रेड डॉट हवाच. तो मुक्कामाचं स्टेशन गाठून देतो, गल्लीतलं घर फाइंडर शोधतो. दोन्ही नळीवर शेजारी शेजारी बसतात आणि दोन्हींचा एकत्र खर्च आठ इंची दुर्बिणीच्या किमतीपुढे लहानच असतो. माझ्या मते सहा इंची दुर्बीण आणि तिच्यावर हे दोन्ही, ही जोडी नुसता रेड डॉट असलेल्या आठ इंचीपेक्षा वसईत जास्त वस्तू दाखवेल.

फाइंडर घेतानाचा दुसरा प्रश्न मानेचा आणि नकाशाचा आहे, आणि इथे वसईचा अक्षांश मध्ये येतो. आपण साधारण १९ अंश २३ मिनिटांवर आहोत. स्वाती ताऱ्याची क्रांती १९ अंश ११ मिनिटं. म्हणजे उन्हाळ्याच्या रात्री स्वाती वसईच्या जवळजवळ बरोबर डोक्यावरून जातो. पुष्यातला एम ४४ असाच जातो, रोहिणी आणि कृत्तिका खमध्यापासून तीन-पाच अंशांवरून. सर्वांत स्वच्छ आकाश डोक्यावरचं, कारण तिथे हवेचा थर पातळ आणि शहराचा उजेड कमी. आणि नेमक्या तिथेच सरळ बघायचा फाइंडर असह्य होतो: नळी उभी, फाइंडर तिच्या वरच्या तोंडाशी, त्याच्या खाली डोकं घालून मान मागे टाकायची. त्यामुळे काटकोनी फाइंडर घ्यावा, ज्यात आडवं बघायचं. पण साध्या आरशाच्या काटकोनी फाइंडरमध्ये डावं-उजवं उलटतं आणि नकाशाशी मेळ बसत नाही. सरळ फाइंडरची प्रतिमा निदान नकाशा उलटा धरून जुळवता येते, आरशातली तीही नाही. अमीची लोलक बसवलेल्या काटकोनी फाइंडरमध्ये प्रतिमा नकाशासारखी सुलटी दिसते. मागायचा तो हाच. एक गोष्ट मात्र कोणताही फाइंडर सोडवू शकत नाही. डॉब्सोनियन खमध्यावर गेली की आडवी फिरवून वस्तूचा पाठलाग करता येत नाही. स्वाती डोक्यावर यायच्या तासभर आधी किंवा नंतर बघावा, तेव्हा तो पंधरा अंश कललेला असतो.

चांगला फाइंडरही दुर्बिणीशी समांतर नसला तर निरुपयोगी, आणि जुळवणीकडे लोक सर्वांत कमी लक्ष देतात. ती दिवसा करावी. लांबचा मोबाईल टॉवर, उंच इमारतीची टाकी असं काही आधी मोठ्या दुर्बिणीच्या मध्यावर आणायचं आणि मग फाइंडरचे स्क्रू फिरवून त्याच्यातली फुली त्यावर बसवायची. वस्तू किती लांब, हे महत्त्वाचं. फाइंडर नळीपासून साधारण १५ सेंटिमीटर बाजूला असतो. समोरच्या २० मीटरवरच्या गच्चीवर जुळवणी केली तर त्या १५ सेंटिमीटरांमुळेच जवळजवळ अर्ध्या अंशाची चूक राहते, म्हणजे आयपीसच्या खिडकीची निम्मी रुंदी. किलोमीटरभर लांबच्या वस्तूवर ती नगण्य होते. रात्री शेवटचा हात ध्रुवावर फिरवावा, तो जागचा फारसा हलत नाही. दिवसा हे करताना सूर्य कुठे आहे याचं भान एक क्षणही सुटता कामा नये. फिल्टर लावून सूर्य बघायचा असेल तर फाइंडर काढून ठेवावा किंवा त्याची टोपणं लावावीत. ५० मिलिमीटरचं भिंग क्षणात डोळा जाळतं आणि शेजारी उभं असलेलं मूल त्याच नळीला डोळा लावतं.

किनाऱ्यावरच्या हवेचाही हिशेब धरावा. हिवाळ्यात रात्र चढली की फाइंडरच्या भिंगावर आणि टेलरॅडच्या काचेवर दव बसतं. पुठ्ठ्याची किंवा फोमची चार बोटं लांब टोपी पुरते. पावसाळ्याचे चार महिने दुर्बीण बंद असते तेव्हा फाइंडरच्या लोलकात बुरशी धरते. तो हवाबंद डब्यात सिलिका जेलसह ठेवावा आणि जेल अधूनमधून तापवून कोरडं करावं. उजळ आकाशाचा एकच फायदा इथे होतो: फाइंडरमधली काळी फुली पिवळट पार्श्वभूमीवर स्पष्ट दिसते. काळोखात ती गायब होते आणि दिव्याची फुली शोधावी लागते.

यावर पहिला आक्षेप फोनचा येईल. स्टेलॅरियमसारखं ॲप हातात असताना फाइंडरवर एवढा खल कशाला? नकाशा म्हणून ॲप उत्तमच आहे. पण फोन आकाशाकडे धरून तो दिशा सांगतो ती चुंबकीय संवेदकावरून, आणि गच्चीच्या स्लॅबमधल्या सळ्या, पाण्याच्या टाकीची लोखंडी शिडी, दुर्बिणीचे धातूचे भाग यांच्या शेजारी ती सहज काही अंश चुकते. नक्षत्र ओळखायला ते चालतं, एक अंशाच्या खिडकीला चालत नाही. फोनमधला कललेपणा मात्र गुरुत्वाकर्षणावरून मोजला जातो आणि तो बराच भरवशाचा असतो. सुतारकामाचा चुंबकी डिजिटल कोनमापक नळीला चिकटवला तर आणखी बरा. याचा एक उत्तम उपयोग वसईतच करता येतो. नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी हा आकाशातला सर्वांत तेजस्वी गोलाकार तारकागुच्छ लंडनहून कधी क्षितिजावर येत नाही, वसईतून तो दक्षिणेला २३ अंशांपर्यंत चढतो. पण नेमका मुंबईच्या उजेडात, त्यामुळे नुसत्या डोळ्यांना दिसत नाही आणि भोवती वाटाड्या तारेही नाहीत. आता चित्रा ताऱ्याचा विषुवांश १३ तास २५ मिनिटं आणि ओमेगाचा १३ तास २७ मिनिटं. दोघं जवळपास एकाच वेळी याम्योत्तर ओलांडतात, मेच्या मध्यावर रात्री साडेदहाच्या सुमारास. डॉब्सोनियनचा तळ पाणलेव्हलने समतल करावा, चित्रा बरोबर दक्षिणेला आला की नळी त्यावर रोखावी. कोनमापक ५९ अंशांच्या आसपास दाखवेल. मग आडवी दिशा न बदलता नळी २३ अंशांपर्यंत खाली आणावी आणि फाइंडरमध्ये पाहावं: धुरकट गोळा फुलीच्या जवळपास असतो.

दुसरा आक्षेप वजनदार आहे. तारेच दिसत नसतील तर गोटू घ्यावा, मोटर स्वतः वस्तूवर नेईल. अनेकांना तो खरोखर उपयोगी पडतो, विशेषतः गुडघे-पाठ दुखणाऱ्यांना आणि गर्दीला आकाश दाखवणाऱ्यांना. पण गोटूला सुरुवातीला दोन तारे ओळखून दाखवावे लागतात. सोसायटीच्या गच्चीवरून अर्धं आकाश शेजारच्या इमारतींनी झाकलेलं असताना एकमेकांपासून लांबचे दोन तारे निवडावे लागतात, आणि यादीत स्वाती-चित्रा आर्क्चुरस-स्पायका म्हणून असतात. म्हणजे आकाशाची ओळख टळत नाहीच. काही हातयंत्रं तारीख महिना आधी, दिवस नंतर अशी मागतात. वेळेच्या पट्ट्यात साडेपाचऐवजी पाच भरलं गेलं तर आकाश साडेसात अंशांनी सरकतं आणि पहिल्याच ताऱ्याला दुर्बीण भलतीकडे तोंड करते. ती चूक दुरुस्त करायला शेवटी फाइंडरच लागतो. विषुववृत्तीय माउंटवर ध्रुव हवा आणि वसईत ध्रुव अवघा १९ अंशांवर. २० मीटर उंचीची इमारत उत्तरेला ५५ मीटरच्या आत असली की तो दिसत नाही. अशा माउंटवरच्या छोट्या अंशचकत्यांवर वस्तू शोधू नयेत, त्यांच्या खुणा त्यासाठी फारच विरळ असतात. आणि पैशाचा प्रश्न: ठरलेल्या रकमेत मोटर घेतली की आरसा लहान होतो.

विजेच्या साधनांत मला सर्वांत पटणारं आहे ते फोनच्या कॅमेऱ्याने ताऱ्यांची आकृती वाचणारं. सेलेस्ट्रॉनने २०२० मध्ये स्टारसेन्स एक्सप्लोरर आणलं, त्यात फोन दुर्बिणीवर बसतो, आरशातून आकाशाचा फोटो घेतो, ताऱ्यांची मांडणी जुळवून आपण कुठे रोखलंय ते ओळखतो आणि नळी कोणत्या बाजूला ढकलायची ते बाण दाखवून सांगतो. होकायंत्रावर भरवसा नाही, मोटर नाही, दोन तारे ओळखून द्यावे लागत नाहीत. कॅमेऱ्याला आपल्या डोळ्यांपेक्षा जास्त तारे दिसत असल्याने उजळ आकाशातही ते चालतं, म्हणजे नेमकी वसईची अडचण सोडवतं. मात्र ते मुख्यतः ठरावीक दुर्बिणींसोबत मिळतं, आणि आपला फोन चालेल का ते आधी तपासावं लागतं. २०२३ मध्ये आलेली सीस्टार एस ५० सारखी स्मार्ट दुर्बीण तर शोधायचं कामच काढून घेते. वस्तू स्वतः गाठते, फोटोवर फोटो रचते आणि चित्र फोनवर देते. शाळेच्या मैदानावर पन्नास मुलांना तेजोमेघ दाखवायला ती उत्तम आहे. पण तिच्यात आयपीस नाही, डोळ्याने बघणाऱ्याची गरज ती भागवत नाही. जाता जाता एवढंच की तिचं भिंग ५० मिलिमीटरचंच आहे, आपल्या फाइंडरएवढं. हिरव्या लेझरने वस्तू दाखवायची पद्धत काही गटांत आहे. मुंबई विमानतळ तीसेक किलोमीटरवर असताना आकाशात लेझर सोडणं मला मान्य नाही.

शेवटचा आक्षेप निराशेचा: वसईच्या उजेडात सापडूनही काय दिसणार? मंद दीर्घिका दिसणार नाहीत, हे खरं. पण गोलाकार तारकागुच्छ, विरळ गुच्छ, जोडतारे, स्वरमंडलातल्या एम ५७ सारखे छोटे पण प्रखर तेजोमेघ उजेड बराच सोसतात, आणि एका वर्षाला पुरून उरतील एवढे आहेत. काळोखासाठी बाहेर पडायचं तेव्हाही मार्ग आहेत. १९८५-८६ च्या हॅलेच्या धूमकेतूच्या काळात उभं राहिलेलं मुंबईचं खगोल मंडळ वांगणीला रात्रभराचे कार्यक्रम घेतं, पुण्यात १९४४ पासून ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे. अशा रात्री दहा जणांच्या दुर्बिणींवरचे दहा फाइंडर डोळा लावून बघता येतात, आणि विकत घेण्याआधी तेवढं जरूर करावं.

नळीवर सध्या नुसता रेड डॉट असेल तर या हिवाळ्यात मोठ्या आरशाचा विचार लांबणीवर टाका आणि ९ × ५० चा, काटकोनी, सुलट्या प्रतिमेचा फाइंडर घ्या. मागवण्याआधी दुर्बिणीवरची फाइंडरची खाच मोजा. सगळ्या कंपन्यांच्या खाचा एका मापाच्या नसतात, आणि दुसरी खाच बसवायला नळीला भोकं पाडावी लागली तर आधी आरसा बाहेर काढून ठेवा.